अख्खा गर की वेगवान कापणी? सिंधुदुर्गातल्या एक टनाच्या काजू युनिटचं प्रकरण

वाशीच्या मसाला बाजारात काजूगराचं पाकीट फोडलं की व्यापारी लगेच दर बोलत नाही. मूठभर गर कागदावर पसरतो, अख्खे एका बाजूला सारतो, पाकळ्या म्हणजे सांध्यावर उघडलेले अर्धे गर दुसऱ्या बाजूला, तुकडा आणि कणी तिसरीकडे. एखादा गर उचलून त्याच्या कडेला तपकिरी डाग आहे का ते बघतो. त्यानंतर दर निघतो. युनिटमध्ये दहा महिने जे काही चाललेलं असतं, त्याचा निकाल त्या कागदावर लागतो. स्पर्धेने कारखाना सुधारतो की खचतो, या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच शोधायला हवं.

सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात काजू प्रक्रिया करणारी लहान-मोठी युनिट्स भरपूर आहेत. इथे रोज एक टन काजू बी काढणारं, वर्षाला २०० दिवस चालणारं युनिट नमुना म्हणून घेतलं आहे. ते कुणा एका मालकाचं नाही. दर, मजुरी, उतारा (किती बीतून किती गर निघतो ते) हे आकडे हिशेब कळावा म्हणून गोल घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या वहीतले आकडे तिथे घालून बघावेत. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

स्पर्धा कुठून आली

भारत एके काळी काजूगराच्या निर्यातीत जगात पहिला होता. २००० नंतरच्या दशकात व्हिएतनामने ती जागा घेतली. आफ्रिकेतून कच्ची बी आणायची, मशीनवर फोडायची आणि गर जगभर विकायचा, असा त्यांचा धंदा. आपल्याकडे बी फोडणं तेव्हा बहुतेक ठिकाणी हातापायाच्या मशीनवरच होतं: एका हाताने बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पेडल दाबायचं, दांडा फिरवून टरफल उघडायचं. जून २०१९ मध्ये केंद्राने आयात काजूगराची किमान किंमत अख्ख्याला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये केली. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात गरावरचं आयात शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर गेलं. कच्च्या बीवरचं शुल्क त्याआधी, २०१८ मध्ये, ५ वरून २.५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे गरासाठी भिंत उंच झाली आणि बीसाठी दार उघडंच राहिलं.

याचा अर्थ सिंधुदुर्गातल्या युनिटने नीट समजून घ्यायला हवा. देशी बाजारात त्याची गाठ व्हिएतनामच्या गराशी कमी पडते. आफ्रिकन बी आणून ऑटोमॅटिक मशीनवर काढणाऱ्या आपल्याच देशातल्या मोठ्या कारखान्यांशी जास्त पडते. मंगळूर, कोल्लम आणि इतर ठिकाणचा माल वाशीत त्याच कागदावर शेजारी पसरला जातो. दुसरीकडे मार्च ते मे या तीन महिन्यांत गावोगावच्या बीसाठी शेजारची युनिट्स, चंदगड-आजऱ्याचे खरेदीदार आणि फिरते व्यापारी एकमेकांवर दर चढवतात. विकताना एक स्पर्धा, घेताना दुसरी. दोन्हींचा कारखान्यावरचा परिणाम अगदी वेगळा असतो.

मशीन आलं, पैसा गेला

मजूर मिळेनात आणि समोरचा कारखाना कमी खर्चात माल काढतो, असं दिसल्यावर नमुना युनिट कापणीचं, म्हणजे बीचं टरफल कापून गर काढण्याचं, ऑटोमॅटिक मशीन घेतं. निर्णय चुकीचा नाही. चूक होते ती मशीनचं यश मोजण्यात.

हातकापणीला एका बाईमागे दिवसाला ४० किलो बी धरली, तर एक टनाला २५ जणी लागतात. ४०० रुपये मजुरीने रोजचे १०,००० रुपये. मशीनवर दोन चालवणारे आणि न फुटलेली, अर्धवट उघडलेली बी हाताने काढायला पाच जणी, असे सात. मजुरी २,८०० आणि वीज-पाती ७०० मिळून ३,५०० रुपये. रोजची बचत ६,५००. कापणीतल्या दर माणसामागे ४० किलोऐवजी जवळजवळ १४३ किलो बी निघायला लागते. उत्पादकता साडेतीन पट! मशीन विकणारा हाच आकडा दाखवतो आणि बँकेच्या प्रकल्प अहवालातही हाच जातो.

आता तयार मालाकडे बघा. एक टन बीपासून हातकापणीत २५० किलो गर. त्यात ७८ टक्के अख्खे, १२ टक्के पाकळी, १० टक्के तुकडा. अख्ख्याला सरासरी ७६०, पाकळीला ६६०, तुकड्याला ५०० रुपये धरले, तर मिश्र दर किलोला ७२२ रुपये आणि दिवसाचा माल १,८०,५०० रुपयांचा. मशीन लावल्यावर पहिल्या हंगामात अख्खे ६२ टक्के, पाकळी १६, तुकडा २२. मिश्र दर ६८६ रुपये ८० पैसे. चुरा टरफलाबरोबर निघून जातो म्हणून उताराही २४५ किलोवर येतो. दिवसाचा माल सुमारे १,६८,२५० रुपयांचा.

मजुरीत ६,५०० वाचले, मालात १२,२५० गेले. रोज पावणेसहा हजारांचा तोटा, २०० दिवसांचे साडेअकरा लाख. आणि हे सगळं कामगारामागचं उत्पादन साडेतीन पट झालेलं असताना. काजूच्या धंद्यात किलोच्या किमतीतला बहुतेक भाग बीचाच असतो. १३० रुपयांची बी आणि २५ टक्के उतारा म्हटलं, की गराच्या किलोत ५२० रुपये नुसती बी बसते. तिथे मजुरी वाचवण्यापेक्षा गर न मोडणं जास्त मोलाचं आहे. स्पर्धेच्या घाईत नेमकं हेच नजरेआड होतं, कारण समोरच्याच्या कारखान्यात मशीन दिसतं, त्याचा अख्ख्याचा टक्का दिसत नाही.

गर नेमका कुठे मोडतो

मालकाला वाटतं सोलाईत, म्हणजे गरावरची साल काढताना मोडतो, सोलाईवाल्या म्हणतात माल मोडकाच येतो. हा वाद मिटवायला दोन वजनकाटे आणि एक वही पुरते. कापणीनंतर, ड्रायरनंतर आणि सोलाईनंतर, तिन्ही ठिकाणी रोज एक-एक किलोचा नमुना घेऊन अख्खे आणि मोडके वेगळे तोलायचे. नमुना युनिटमध्ये १०० पैकी ३८ मोडत होते: कापणीत २४, ड्रायर आणि उचलठेवीत ३, सोलाईत ११. हातकापणीच्या काळात एकूण २२ मोडत होते आणि त्यातले १२ सोलाईत. म्हणजे सोलाई बिघडलीच नव्हती.

हाताने पारखायचं तर तुकड्याची कड बघावी. पात्याने तुटलेल्या गराची कड सरळ, बहुधा आडवी असते आणि तिला टरफलातल्या तेलाचा तपकिरी ठसा लागलेला असतो. सोलताना मोडलेल्या गराची कड स्वच्छ पांढरी असते आणि तो बहुतेक वेळा नैसर्गिक सांध्यावर, दोन पाकळ्यांत उघडतो. टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या बायका हे न बघता, नुसतं बोट फिरवून सांगतात. त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

कापणीत इतकं का मोडलं? मुख्य कारण आकाराची सरमिसळ. मशीनची पाती एका जाडीच्या बीसाठी लावलेली असतात. कोकणातल्या पोत्यात गावठी झाडाची चार-पाच ग्रॅमची बी असते आणि तिच्याच शेजारी वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमच्या आसपासची. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने दिलेल्या या जातींनी बागायतदाराचं भलं केलं, गर मोठा झाला. पण खळ्यावर सगळं एका ढिगात पडतं. मोठी बी लहानाच्या फटीत गेली की पातं टरफल ओलांडून गरात शिरतं. लहान बी मोठ्याच्या फटीतून न फुटताच जाते, परत फिरवावी लागते आणि दुसऱ्या फेरीत तिचा चुरा होतो. मोठ्या, सारख्या लॉटवर बसवलेलं मशीन आपल्या पोत्यावर तसंच चालेल, असं धरून चालणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक आहे.

दुसरं कारण शिजवणं. बॉयलरची वाफ ६ ते ७ किलोच्या दाबाला. लहान बीला १२ ते १५ मिनिटं, मोठीला १८ ते २२, बॉयलर आणि बीचा कोरडेपणा बघून थोडं इकडेतिकडे. सगळ्यांना सरसकट मधलीच वेळ दिली, तर लहान बीचं तेल गरात उतरून तो काळवंडतो आणि मोठीचं टरफल चिवट राहतं. चिवट टरफल फुटत नाही, दबतं, आणि दाब गरावर जातो. शिजवल्यावर बी पातळ पसरून १८ ते २४ तास निवायला हवी. टरफल कडक होतं, गर आत आवळून सुटा होतो. मशीन आल्यावर वेग दिसावा म्हणून हीच विश्रांती सहा-आठ तासांवर येते. मजूर कमी झाले, तशी निवायला जागा वाढवायला हवी होती. झालं उलट.

सोलाईचं दुखणं वेगळं. ड्रायरमध्ये ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास ठेवून गर ३ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवतात, म्हणजे साल सुटते. पण इतका कोरडा गर काचेसारखा तडकतो. म्हणून सोलण्याआधी त्याला थोडा दमट करून ४ ते ५ टक्क्यांवर आणावा लागतो. पावसाळ्यात कोकणची हवा हे काम फुकट करते, एप्रिलमध्ये करत नाही. एकाच मशीनवर जुलैत आणि एप्रिलमध्ये अख्ख्याचा टक्का वेगळा का येतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुरुस्ती

नवं मशीन घ्यावं लागलं नाही. बी चाळून पाच आकारांत वेगळी केली. त्यासाठी दोन माणसं, रोज ८०० रुपये. प्रत्येक आकाराची फट वेगळी, एका दिवसात शक्यतो दोनच आकार, म्हणजे पाती वारंवार हलवावी लागत नाहीत. आकार बदलला की आधी दोन किलो बी फिरवून कड बघायची, मग पूर्ण माल सोडायचा. न फुटलेली बी परत मशीनमध्ये न टाकता हाताच्या मशीनवर, त्याच पाच जणींकडे. आकारानुसार शिजवण्याची वेळ कुकरवर खडूने लिहिलेली. निवण्यासाठी लाकडी ट्रेचे जास्तीचे मजले. पाती बोथट होतात, म्हणून त्यांची धार ठरावीक टनांनी तपासायची. मोडतोड वाढल्यावर नव्हे.

यानंतर अख्खे ७४, पाकळी १३, तुकडा १३, उतारा २४९ किलो. मिश्र दर ७१३ रुपये २० पैसे, दिवसाचा माल १,७७,५८७ रुपयांचा. हातकापणीपेक्षा मालात अजूनही २,९०० रुपये कमीच. मशीन अनुभवी हाताची बरोबरी करत नाही, हे मान्य करायला लाज वाटू नये. पण मजुरीची निव्वळ बचत ५,७०० आहे. म्हणजे दिवसाला २,८०० रुपये पुढे, वर्षाला साडेपाच लाखांहून थोडं जास्त. बसवणुकीसह मशीन बारा लाखांना धरलं, तर व्याज सोसून पैसे तीन वर्षांच्या आत मोकळे होतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र युनिटला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. ते मिळालं तर आणखी लवकर. पण अनुदान पहिल्या हंगामाच्या साडेअकरा लाखांच्या तोट्याचं उत्तर नव्हे. चाळणी आणि वही हे त्याचं उत्तर आहे.

मग स्पर्धेने केलं काय?

अर्थशास्त्रात या प्रश्नावर जुना वाद आहे. स्पर्धा फार वाढली की नफाच उरत नाही, मग सुधारणेला पैसा कुठला, असं एक मत. स्पर्धा नसेल तर सुधारायचं कशाला, असं दुसरं. २०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी फिलिप आगियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कंपन्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं की दोन्ही खरं आहे: स्पर्धा वाढते तशी नवनिर्मिती आधी वाढते, एका टोकानंतर घटते. बरोबरीने चालणारे कारखाने पुढे निसटण्यासाठी धडपडतात. फार मागे पडलेला धडपडच सोडतो. सिंधुदुर्गात हे दोन्ही नमुने एकाच गावात दिसतात. अख्ख्याचा टक्का दोन-चारने कमी असलेलं युनिट चाळणी बसवतं. पंधराने मागे असलेलं युनिट दुसऱ्याचा माल मजुरीवर काढून द्यायला लागतं किंवा शटर ओढतं.

याहून जवळचा पुरावा कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला आहे. २००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार फुकट दिले, बाकीच्यांची फक्त महिनाभर तपासणी केली. सल्लागारांनी ३८ साध्या पद्धती लावल्या: दोषांची रोजची नोंद, सुताच्या साठ्याची मोजणी, मागांची वेळेवर देखभाल, अशा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. यात महागडं यंत्र कुठेच नव्हतं. मग इतकी वर्षं मालकांनी हे केलं का नव्हतं? काहींना माहीत नव्हतं, पुष्कळांना त्यात फायदा आहे असं वाटलंच नाही. आणि स्पर्धेने त्यांना बाहेर का काढलं नाही? आयातीवर शुल्क होतं, नव्या कारखान्याला भांडवल मिळणं अवघड होतं, आणि चांगला चाललेला कारखानाही घरातली विश्वासाची माणसं संपली की वाढायचा थांबत होता. कित्येक वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा त्यातल्या जवळपास अर्ध्या पद्धती सुटलेल्या होत्या, विशेषतः जिथे व्यवस्थापक बदलला होता. पण सुधारणेचा फायदा पूर्ण पुसला गेला नव्हता.

काजू युनिटला यातून थेट कामाची गोष्ट मिळते. तीन नमुन्यांची वही सुपरवायझरच्या डोक्यावर सोडली, तर तो गेला की वही गेली. ती सोलाईच्या दोघी-तिघींनी आळीपाळीने भरावी आणि आकडे भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसावेत. मजुरीही नुसती किलोवर देऊ नये. अख्ख्याच्या टक्क्यावर वेगळी भर द्यावी. किलोवर मजुरी देऊन अख्खा गर मागणं म्हणजे घाई करायला पैसे देऊन हळू करा म्हणणं.

घेतानाची स्पर्धा: इथे उलटं होतं

विक्रीतली स्पर्धा सुधारणेकडे ढकलते. खरेदीतली स्पर्धा बी खराब करते. तीन महिन्यांत वर्षाचा साठा करायचा असल्याने खरेदीदार ओली बी नाकारत नाही. तो नाकारेल तर पुढचा टेम्पो उभाच असतो. शेतकऱ्यालाही कळतं की सुकवून वजन घटवण्यात राम नाही. दर पडण्याच्या धास्तीने बी खाली पडायची वाट न बघता झाडावरून ओरबाडली जाते, आणि कोवळ्या बीचा गर सुरकुततो.

१३ टक्के ओलाव्याची एक टन बी ८ टक्क्यांवर सुकवली की ९४६ किलो उरते. १३० रुपयांची बी प्रत्यक्षात साडेसात रुपयांनी महाग, १३७ रुपये ५० पैशांना पडते. खळं, उन्हाची मजुरी आणि पोत्यात बुरशी धरलेली बी वेगळीच.

"वाळवून आणा, चार रुपये जास्त देऊ" असं पुष्कळ युनिट्स सांगतात आणि वाळलेली बी येत नाही, म्हणून शेतकऱ्याला बोल लावतात. हिशेब करून बघा. १३४ रुपयांनी ९४६ किलोचे होतात १,२६,७६४ रुपये. ओल्या टनाचे मिळत होते १,३०,०००. वाळवण्याचे कष्ट करून सव्वातीन हजार कमी. शेतकरी बरोबर होता. प्रस्ताव द्यायचा तर १४० चा द्यायला हवा, आणि तोही दोन अटींवर: बी दातांत दाबून नव्हे तर ओलावामापकावर ८ टक्के दाखवणारी, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ची पोती गावठीपासून वेगळी.

युनिटला यात काय मिळतं? वाळवणीच्या हिशेबापेक्षा अडीच रुपये जास्त गेले, म्हणजे २५ टक्के उताऱ्याने गराच्या किलोमागे १० रुपये. ते मोठ्या प्रतीतून भरून यायला हवेत. वेंगुर्ला-७ वेगळी राहिली तर तिचा गर डब्ल्यू १८० ते २१० च्या पट्ट्यात बसतो, म्हणजे एका पौंडात दोनशेच्या आसपास दाणे, आणि तो गावठीच्या डब्ल्यू ३२०-४५० शी झगडत नाही. अशा गराला सरासरीपेक्षा किलोमागे १०० रुपये जास्त मिळाले, आणि वेगळ्या पोत्यांमुळे पात्याखाली वाचलेला तसा गर एकूण मालात दर शंभर किलोमागे दहा किलोंनी वाढला, तर १० रुपये तिथेच वसूल. आकारानुसार चाळायची मजुरी कमी होते ती वर.

मार्चच्या आधी, फेब्रुवारीत, वीस-पंचवीस बागायतदारांशी हे बोलणं व्हायला हवं: ओलावामापक त्यांच्या खळ्यावर नेऊन, त्यांच्याच जुन्या बीवर दाखवून, आणि १४० चा हिशेब कागदावर मांडून. पहिल्या वर्षी २०० पैकी २० टनच अशा बोलीवर घ्यावेत. तेवढ्यांची कापणी वेगळी ठेवावी, वहीत वेगळं पान करावं, आणि मोडतोडीचा आकडा बाकीच्या १८० टनांच्या शेजारी लिहावा.